बातमींतला कर्ता

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यांत सुलतानपूर नांवाचें आमचें गांव आहे. लोणारचें सरोवर पाहावयास जाणारांपैकीं कित्येकांनीं तें मोटारींतून ओलांडलें असेल. तेथें सकाळीं पारावर वर्तमानपत्राचें वाचन होतें. एकजण मोठ्यानें वाचतो, बाकीचे ऐकतात, आणि जें वाचलें गेलें तें सर्वांच्या लेखीं घडलें असें ठरतें. मी जन्मभर मुलांना व्याकरण शिकविलें. त्या संवयीमुळें असेल, पण बातमी ऐकतांना काय घडलें यापेक्षां त्या वाक्याचा कर्ता कोण आणि तो कोठें गेला, हें मी आधीं पाहतों. आज त्याविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

हीं तीन वाक्यें घ्या. 'शिपायांनीं गोळी झाडून एका मनुष्यास ठार केलें.' 'गोळीबारांत एक मनुष्य ठार झाला.' 'चकमकींत एकाचा मृत्यू.' तिहींपैकीं एकही वाक्य खोटें असेलच असें नाहीं. पण पहिल्यांत मारणारा डोळ्यांपुढें उभा राहतो. दुसऱ्यांत गोळीबार पावसासारखा आपोआप झाला असें वाटतें. आणि तिसऱ्यांत तर क्रियापदच उरलेलें नाहीं. चवथींतल्या मुलानें असें वाक्य लिहिलें असतें तर मीं समासांत 'कर्ता?' म्हणून तांबड्या शाईनें लिहिलें असतें. हीच गत बोलण्याच्या क्रियापदांची. एका पक्षाचा अधिकारी 'सांगतो' आणि दुसऱ्या पक्षाचा मनुष्य 'दावा करतो'. ऐकणारानें कोणावर विश्वास ठेवावयाचा, हें त्या एका क्रियापदानें ठरून जातें.

पॅलेस्टिनी लोकांविषयींच्या बातम्यांवर इतकीं वर्षें जो वाद चालला आहे, त्याचा मोठा भाग याच प्रकारचा आहे. इस्रायली मनुष्य 'मारला जातो' आणि पॅलेस्टिनी मनुष्य 'मरण पावतो', अशी त्यांच्या कैवाऱ्यांची तक्रार आहे. उलट बाजूचीही तक्रार आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजीं इस्रायलमध्यें सुमारें १२०० माणसें मारलीं गेलीं, सुमारें २५० ओलीस धरून नेलीं गेलीं, तरीही बी.बी.सी.सारख्या संस्था हें करणारांस 'दहशतवादी' म्हणावयास कचरतात, असें इस्रायलचे समर्थक म्हणतात. दोन्ही तक्रारी एका तागडींत टाकून मोकळें होणें सोपें आहे. मला तें पटत नाहीं, कारण प्रश्न केवळ शब्दांचा नाहीं. ग्लासगो विद्यापीठांतील ग्रेग फिलो व माइक बेरी या दोन संशोधकांनीं ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील बातम्या तपासल्या, प्रेक्षकांना प्रश्न विचारले, आणि २००४ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. व्याप्त प्रदेश कोणीं व्यापला आहे, हेंच पुष्कळ प्रेक्षकांस सांगतां येईना. कित्येकांची तर समजूत अशी कीं, तो पॅलेस्टिनींनींच व्यापला आहे! रोजच्या बातमींत दगड आणि स्फोट दिसत. १९४८ च्या सुमारास सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी घरादारास मुकले, आणि १९६७ सालीं वेस्ट बँक व गाझा इस्रायली सैन्याच्या ताब्यांत गेले, ही मागची हकीकत मात्र क्वचितच सांगितली जाई. मागची हकीकत गेली म्हणजे एका पक्षाचें कृत्य नेहमीं 'आरंभ' ठरतें आणि दुसऱ्याचें नेहमीं 'प्रत्युत्तर'.

आतां दूरचें कुसळ पाहून झालें. घरचें मुसळ पाहूं.

आमच्या वऱ्हाडांत पारध्यांचे बेडे आहेत. फासे लावून तितर-लावे धरणारे ते फासेपारधी. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ आणि १९२४ सालीं तो वाढविला, आणि देशांतील अनेक जमातींबरोबर पारध्यांसही त्यांत ओढलें. या कायद्याचें मर्म असें कीं, मनुष्यानें कांहीं केलें आहे कीं नाहीं हें पाहावयाचें नाहीं. तो जन्मला कोठें, एवढें पाहावयाचें. नोंदलेल्या माणसानें ठरल्या वेळीं हजेरी द्यावी, परवानगीवांचून ठिकाण सोडूं नये. सोलापुरास तारेच्या कुंपणाआड अशांची वसाहत होती. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं हा कायदा देशांतून गेला. म्हणून या जमातींस विमुक्त म्हणतात व तो दिवस त्या पाळतात. पुढें १९७२ च्या वन्य जीवांच्या कायद्यानें शिकारही बंद झाली. ती योग्यच झाली, पण ज्यांचें पोट फाशावर होतें त्यांस त्याबदलीं जमीन किती मिळाली, हें कोणी विचारलें नाहीं.

कायदा गेला, तो वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत येऊन राहिला. इतर कोणीं चोरी केली तर मथळ्यांत 'चोर' येतो. पारध्यावर नुसता संशय आला तरी मथळ्यांत 'पारधी टोळी' येते. येथें कर्ता गाळलेला नसतो, उलट एका माणसाच्या जागीं सबंध जमात कर्ता म्हणून बसविलेली असते. पॅलेस्टिनींच्या बातमींतही दोन्ही रोग दिसतात: मरतांना कर्ता नाहीं, आणि मारतांना सगळें गांव कर्ता. हा समज केवळ छापखान्यापुरता नव्हता. सुकन्या शांता या पत्रकार बाईंच्या अर्जावर ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तुरुंगांच्या नियमपुस्तकांतील जातीवरून काम वांटणारीं आणि विमुक्तांना संवयीचे गुन्हेगार समजणारीं कलमें घटनाविरोधी ठरविलीं. म्हणजे तोंवर तीं जिवंत होतीं.

अशा बातमीस उत्तर देण्याचा मराठींतला मोठा दाखला शंभर वर्षांहून जुना आहे. ३१ जानेवारी १९२० रोजीं डॉ. आंबेडकरांनीं 'मूकनायक' हें पाक्षिक काढलें. शाहू महाराजांनीं त्यास अडीच हजार रुपये दिले. नांव तुकोबांच्या अभंगावरून घेतलेलें. मुंबई इलाख्यांतील पत्रें विशिष्ट जातींचेंच हित पाहतात, बाकीच्यांची पर्वा करीत नाहींत, हें पहिल्याच अंकांत स्पष्ट मांडलें आहे. लोकमान्य टिळक तेव्हां हयात होते. पैसे घेऊन जाहिरात छापा, ही विनंतीही 'केसरी'नें मानली नाहीं, असें आंबेडकरांनीं पुढें नमूद केलें. महाडचा सत्याग्रह १९२७ च्या मार्चांत झाला आणि ३ एप्रिलला त्यांचें 'बहिष्कृत भारत' निघालें. झालेला प्रकार आपल्या शब्दांत सांगण्यास आपलें पत्र हवें, हें त्यांनीं ओळखलें होतें.

सर्वांना पत्र काढतां येत नाहीं. लिहितां मात्र येतें. प्रेस कौन्सिलच्या आचारनियमांत, व्यक्तीची जात देणें सामान्यतः टाळावें, विशेषतः त्यामुळें त्या जातीस कमीपणा येत असेल तेव्हां, असें लिहिलेलें आहे. आधीं संपादकास लेखी कळवावें लागतें. तेथें दाद न लागल्यास कौन्सिलकडे तक्रार करतां येते, आणि दैनिकाच्या बाबतींत ती मजकूर छापल्यापासून दोन महिन्यांच्या आंत करावी लागते. कौन्सिल ताकीद देतें, निषेध नोंदवितें. दंड करीत नाहीं. हा अधिकार तोकडाच.

माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत एका बेड्यावरचा मुलगा माझ्या वर्गांत होता. जवळच्या एका गांवीं घर फुटलें, एका दैनिकांत 'पारधी टोळीचा धुमाकूळ' असा मथळा आला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या बाकावर कोणी बसेना. चार दिवसांनीं तो यावयाचाच थांबला. धरलेले तिघे पुढें पुराव्याअभावीं सुटले. तें कोठेंच छापून आलें नाहीं. मीं संपादकांस पत्र लिहून दोनच प्रश्न विचारले: सुटकेची बातमी कोठें आहे, आणि मथळ्यांतली जात कोणत्या फिर्यादींत लिहिली होती? तीन आठवड्यांनीं आंतल्या पानावर चार ओळी आल्या. ते कात्रण मीं मुलाच्या आजोबांस नेऊन दिलें. त्यांस अक्षरओळख नव्हती, म्हणून दोनदां वाचून दाखविलें. ते म्हणाले, "गुरुजी, याच्यात आमच्या बेड्याचं नाव कुठं हाय?" तें नव्हतें, 'तीन संशयितांची सुटका' एवढेंच होतें. मीं पुन्हां पत्र घातलें, त्यास उत्तर आलें नाहीं. मुलगा दिवाळीच्या सुटीनंतर शाळेंत आला. प्रेस कौन्सिलकडे जावें असें मनांत होतें, पण तोंवर मुदत उलटून गेली होती.