शालिवाहन राजा : दंतकथा, पुरावा आणि भूमिकापालनाचे खेळ

प्रस्तावना

मराठी पंचांगाच्या पहिल्या पानावर 'शालिवाहन शके' ही अक्षरे असतात. लग्नपत्रिकेपासून देवळाच्या पायरीवरील कोनशिलेपर्यंत हीच कालगणना वापरली जाते. आष्टी तालुक्यातील कड्यासारख्या गावच्या विद्यार्थ्याला शालिवाहनाचे पैठण परके नाही. बीड जिल्ह्याची उत्तर सीमा आखणारी गोदावरी पैठणच्या घाटावरूनच खाली येते. तरीही 'हा राजा कोण होता?' असे विचारल्यास उत्तरात बहुधा मातीचे घोडेस्वार येतात, नाशिकचा शिलालेख येत नाही. इतिहासाच्या अध्यापनात भूमिकापालनाचा, म्हणजे विद्यार्थ्याने एखादे पात्र होऊन निर्णय घेण्याच्या खेळाचा विचार होत असताना या उत्तराकडे लक्ष देणे आवश्यक ठरते. माणूस वाचलेले विसरतो, पण स्वतः वठवलेले सहसा विसरत नाही. चुकीचा इतिहास वठवला, तर तोही तेवढाच पक्का बसतो.

दंतकथेतील राजा

शालिवाहनाची कथा अनेक रूपांत आढळते. चौदाव्या शतकातील जैन आचार्य जिनप्रभसूरी यांच्या 'विविधतीर्थकल्प' या ग्रंथात प्रतिष्ठानाच्या, म्हणजे पैठणच्या, वर्णनात ती येते. कुंभाराच्या घरी राहणारी ब्राह्मण विधवा, गोदावरीच्या डोहातील शेषनाग आणि त्यांच्यापासून झालेला मुलगा. हा मुलगा सवंगड्यांत स्वतः राजा होऊन बसे आणि त्यांना मातीचे हत्ती, घोडे, रथ वाहन म्हणून देई; त्यावरूनच त्याला सातवाहन हे नाव पडले, अशी व्युत्पत्ती तेथे दिली आहे. भाषाशास्त्रदृष्ट्या ती ग्राह्य धरता येत नाही, पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ती मार्मिक आहे. दंतकथेतील हा राजा राजा होण्याआधी 'राजा-राजा' खेळत होता. पुढे उज्जैनीचा विक्रम चालून आला तेव्हा तीच मातीची चित्रे सजीव झाली आणि विक्रमाचा पराभव झाला, असे कथा सांगते.

कालगणनेच्या कसोटीवर हे युद्ध टिकत नाही. विक्रम संवताचा आरंभ इ.स.पूर्व ५७ मध्ये, तर शकाचा इ.स. ७८ मध्ये होतो. दोहोंत १३५ वर्षांचे अंतर आहे. शिवाय सातवाहन राजांनी आपल्या लेखांत हा शक कधी वापरलाच नाही. ते स्वतःच्या राज्यारोहणापासून वर्षे मोजत. बदामीच्या इ.स. ५७८ च्या चालुक्य लेखात हाच काल शक राजाच्या राज्याभिषेकापासून मोजलेला आहे. शालिवाहनाचे नाव त्याला जोडले गेले ते आणखी काही शतकांनी. ज्यांच्याशी सातवाहन लढले त्यांच्या नावाची कालगणना लोकस्मृतीने सातवाहनांच्या पदरात टाकली, यात इतिहासाचा मोठाच विनोद आहे.

पुराव्यातील राजे

दंतकथेमागे एकच शालिवाहन शोधणे व्यर्थ आहे. पुराव्यातून पुढे येते ते एक घराणे. जुन्नरजवळील नाणेघाटातील लेण्यात राणी नागनिकेशी संबंधित लेख यज्ञांची आणि दक्षिणांची नोंद करतो. तेथेच सिमुक सातवाहनाच्या नावाची पाटी आहे. तिच्यावर असलेली मूर्ती मात्र नष्ट झाली आहे. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा लेख तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याचे वर्णन क्षहरातांचा निर्वंश करणारा आणि शक, यवन, पह्लवांचा संहारक असे करतो. हा लेख गौतमीपुत्राच्या पश्चात, पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी कोरला गेला आणि त्यात राजाची तुलना राम, केशव, अर्जुन व भीमसेन यांच्याशी केली आहे. म्हणजे दगडावर कोरलेला पुरावाही आख्यायिकेपासून सर्वस्वी अलिप्त नाही. पण या ठिकाणी त्याची साक्ष पडताळता येते. नाशिकजवळ जोगलथेंबी येथे १९०६ मध्ये क्षहरात नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. आईने केलेल्या स्तुतीला शत्रूच्या नाण्यांनी दिलेला हा दुजोरा आहे.

खेळातील राजा

आधुनिक रोल-प्लेइंग गेमचा आरंभ अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'पासून मानतात. पौराणिक राजाचा त्यातील लक्षणीय वापर ग्रेग स्टॅफर्ड यांच्या १९८५ च्या 'पेन्ड्रॅगन' या खेळात दिसतो. त्याचा विषय ब्रिटनचा राजा आर्थर. आर्थरचा पुरावा शालिवाहनापेक्षाही विरळ आहे. सहाव्या शतकातील गिल्डास बॅडनच्या लढाईचा उल्लेख करतो, पण आर्थरचे नाव घेत नाही. ते नवव्या शतकातील 'हिस्टोरिया ब्रिटोनम'मध्ये येते. या खेळात खेळाडू सरदार होतात, आर्थर होत नाहीत. राजा कथेच्या मध्यभागी राहतो, निर्णय मात्र त्याच्या भोवतालच्या माणसांना घ्यावे लागतात. इतिहासाच्या शिक्षकाने उचलावी अशी ही युक्ती आहे.

महाविद्यालयीन पातळीवर न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात मार्क कार्न्स यांनी १९९० च्या दशकात 'रिअॅक्टिंग टू द पास्ट' ही पद्धत सुरू केली. त्यात विद्यार्थी मूळ ग्रंथ व दस्तऐवज वाचून त्या काळातील व्यक्तींच्या भूमिका घेतात. १९४५ च्या सिमला परिषदेवरही असा एक खेळ आहे. खेळाचा शेवट प्रत्यक्ष इतिहासापेक्षा वेगळा होऊ शकतो. म्हणून शेवटी एक तास काय घडले होते ते सांगण्यासाठी राखून ठेवतात. आपल्याकडील प्रयोगांत हा तास गाळला जाण्याची भीती अधिक. स्नेहसंमेलनातील ऐतिहासिक प्रवेश टाळ्यांवर संपतो, तसेच येथेही होईल.

नाशिकचा प्रसंग

सातवाहनांवर असा खेळ रचायचा तर विक्रम-शालिवाहन युद्ध हा विषय टाळणेच इष्ट. तेथे जयपराजय आधीच ठरलेला आहे आणि पडताळण्यासारखे काही नाही. नाशिकच्या लेण्यांत याहून कितीतरी सकस सामग्री आहे. नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. त्यांतील २००० वर दरमहा शेकडा एक आणि १००० वर शेकडा पाऊण व्याज होते. पहिल्या ठेवीच्या वार्षिक २४० कार्षापणांतून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे होते. आकडेमोड इतकी चोख आहे की वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही ती आपली वाटेल.

आता नहपानाची सत्ता गेली आहे आणि त्याच्या नाण्यांवर नवा छाप पडत आहे. विणकर श्रेणीचा प्रमुख, भिक्षू, जुनी नाणी गाठीशी असलेला व्यापारी आणि नव्या राजाचा अमात्य विष्णुपालित अशा भूमिका विद्यार्थ्यांनी घ्याव्यात. परक्या सत्तेने दिलेले दान नव्या राजाने पाळावे काय, हा त्यांच्यापुढील प्रश्न. प्रत्येकाने आपल्या युक्तिवादासाठी एखाद्या लेखाचा वा नाण्याचा आधार दाखवलाच पाहिजे, हा एकमेव कडक नियम. मातीचे घोडेस्वारही येऊ द्यावेत, पण गोष्ट सांगणाऱ्या कुंभाराच्या तोंडून; म्हणजे दंतकथा ही दंतकथा म्हणूनच वठवली जाईल. त्या कुंभाराला आधाराच्या नियमातून सूट असावी आणि ती सर्वांसमक्ष जाहीर करावी.

शेवटच्या तासाला शिक्षकाने गौतमीपुत्राच्या दोन आज्ञा वाचाव्यात. अठराव्या राज्यवर्षी विजयी सैन्याच्या तळावरून त्याने विष्णुपालिताला कळवले की, पूर्वी उषवदाताकडे असलेले दोनशे निवर्तनांचे शेत भिक्षूंना द्यावे. चोविसाव्या वर्षी, या वेळी राजमातेच्या नावासह, दुसरी आज्ञा निघाली. आधी भिक्षूंना दिलेले शेत कसले जात नाही आणि ते गावही ओस पडले आहे, म्हणून आता राजाच्या मालकीच्या शेतातील शंभर निवर्तने त्यांना द्यावीत, असे तीत म्हटले आहे. ही आज्ञा श्यामक नावाच्या अमात्याला आहे. विष्णुपालिताची भूमिका केलेल्या विद्यार्थ्याच्या मनात दोन शंका येतीलच. ते गाव ओस का पडले, आणि दुसऱ्या आज्ञेत आपले नाव का नाही?