पावणेदोन सेकंदांचं पिंप

मुलांनो, आमच्या सापगावाजवळून भातसा नदी वाहते. धरणातून सोडलेलं पाणी याच पात्रातून पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं. तिथून पंपाने पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रात आणि मग मुंबईला! आता सांगा पाहू, सकाळी मुंबईतले लाखो नळ सुटले की त्या क्षणी धरणाचं दार जास्त उघडतात का? छे! वाटेत मोठमोठे जलाशय असतात. मागून पाणी एकसारखं येत राहतं, पुढून लागेल तसं घेतलं जातं. घरातलं पिंपही हेच काम करतं. नळाची धार बारीक असली तरी आंघोळीला तांब्या भरून मिळतो.

संगणकातही असं पिंप असतं. त्याला म्हणतात बफर. ते कोरडं पडलं तर काय होतं, ते मी लहानपणीच पाहिलं.

माझी फसलेली सीडी

2003 साली मी सातवीत होते. आजीच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही कॅसेटवर उतरवून ठेवल्या होत्या. ओळखीच्या एका दादांनी त्या कॉम्प्युटरवर घेतल्या आणि सीडी लिहायला लावली. "दहा मिनिटं कशाला हात लावू नकोस हं," असं सांगून ते चहाला गेले. मी मात्र गुपचूप गेम सुरू केला! थोड्याच वेळात पडद्यावर चुकीची सूचना आली. सीडी वाया गेली.

असं का झालं? त्या जुन्या यंत्राचा बफर 2 एमबीचा होता. सीडीचा मूळ वेग सेकंदाला 150 केबी. यंत्र 8 पट वेगाने लिहीत होतं, म्हणजे सेकंदाला 1200 केबी. करा भागाकार! भरलेलं पिंप पावणेदोन सेकंदांत रिकामं होणार. गेममुळे हार्ड डिस्क दुसऱ्याच कामात अडकली, मागून धार तुटली. लेसरला मध्येच थांबता येत नव्हतं. पुढे थांबून पुन्हा तिथूनच लिहिणारी यंत्रं सगळीकडे आली, पण दादांचं यंत्र त्याआधीचं होतं.

नशीब, कॅसेट जपून ठेवली होती. पुढच्याच वर्षी आजी गेली.

टेबलावरची पुस्तकं

आता मोठं ग्रंथालय डोळ्यांसमोर आणा. शेकडो सीडी एका यंत्रात रचलेल्या आहेत. यंत्राचा हात हवी ती सीडी काढून वाचायला लावतो. त्यात काही सेकंद जातात. सीडी लागल्यावरही हवी ती जागा शोधायला लेसरला साधारण सेकंदाचा दहावा भाग लागतो. हार्ड डिस्कला शंभरावा भाग पुरतो. मेमरीला तर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी! एकाच वेळी वीस जणांनी वेगवेगळ्या सीडी मागितल्या तर बिचाऱ्या यंत्राची किती धावपळ होईल!

म्हणून सगळ्यांना माहिती पुरवणारा संगणक, म्हणजे सर्व्हर, नेहमी लागणारी माहिती हार्ड डिस्कवर किंवा मेमरीत काढून ठेवतो. ही झाली कॅश. (नोटांची कॅश नव्हे हं!) आमच्या वर्गात पुस्तकांचं कपाट आहे, पण मुलं सारखी मागतात ती पुस्तकं मी टेबलावरच ठेवते. अगदी तस्संच.

पण टेबल केवढं हवं? लहान असेल तर एक पुस्तक ठेवताना दुसरं उचलावं लागतं आणि कपाटाच्या फेऱ्या काही संपत नाहीत. फार मोठं केलं तर मुलांना बसायला जागा उरत नाही. सर्व्हरचंही तेच. सगळी मेमरी कॅशला दिली तर बाकीची कामं रखडतात.

टेबल भरलं की काय उचलायचं? बहुतेक वेळा नियम साधा असतो: ज्याला सर्वांत जास्त दिवस कुणी हात लावला नाही, ते आधी. आणि यंत्रातली सीडी बदलली की तिची जुनी माहिती कॅशमधून काढून टाकावीच लागते. नाहीतर भिंतीवर गेल्या वर्षीचं वेळापत्रक राहिल्यासारखं होईल. मुलं गणिताची वही काढून बसतील आणि तास असेल चित्रकलेचा!

'झालं' केव्हा म्हणायचं?

सर्वांत जपायची गोष्ट ही. काही सर्व्हर माहिती मेमरीत आली की लगेच 'झालं' म्हणतात आणि डिस्कवर सावकाश लिहितात. काम झटपट होतं. पण मेमरी म्हणजे पाटी! वीज गेली की सगळं पुसलं. आपल्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा काय भरवसा? म्हणून महत्त्वाची माहिती डिस्कवर उतरेपर्यंत 'झालं' म्हणू नये, अशी सोय सर्व्हरमध्ये करून ठेवतात. शिवाय वीज गेल्यावर थोडा वेळ चालणारी बॅटरीही जोडतात.

गृहपाठ तपासून होईपर्यंत मीही 'झाला' म्हणत नाही, हे माझ्या वर्गातल्या मुलांना चांगलं ठाऊक आहे!

करून पाहा

घरातल्या कपाटात जुन्या सीडी आहेत का? लग्नाच्या, स्नेहसंमेलनाच्या, आजोबांच्या आवाजाच्या? आई-बाबांच्या मदतीने ज्यांच्याकडे सीडी वाचणारं यंत्र आहे, त्यांच्याकडे त्या घेऊन जा. दोन वेगळ्या ठिकाणी नक्कल करा. नक्कल उघडून शेवटपर्यंत ऐका. मगच म्हणा, झालं! आणि मूळ सीडी? ती मुळीच टाकू नका.