‘शुगर मुळापासून बरी’ होते का? स्वादुपिंड आणि बीटा पेशींच्या प्रत्यारोपणाबद्दल

चाकूरच्या विहारात वंदना संपल्यावर एका वडिलांनी मोबाइल पुढे केला. “ताई, चीनमध्ये एका पोरीची शुगर कायमची गेली म्हणे. आपल्या पोराचं तसं करता येईल का?” मुलगा अकरा वर्षांचा, टाइप १ मधुमेह, रोज चार सुया. एका मोठ्या शहरातल्या दवाखान्याने ‘स्टेम सेल’साठी काही लाख सांगितले होते आणि घरात दीड एकर विकायची बोलणी सुरू झाली होती. तोच व्हिडिओ आपल्या अनेक ग्रुपवर फिरतो आहे, म्हणून त्यांना जे सांगितले ते इथे लिहिते.

जठराच्या मागे स्वादुपिंड असते. त्यात पेशींचे सुमारे दहा लाख बारीक पुंजके विखुरलेले असतात. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने ते १८६९ मध्ये पहिल्यांदा पाहिले, म्हणून त्यांना लँगरहान्सची बेटे म्हणतात. या बेटांमधल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच या पेशी मारून टाकते, म्हणून त्या मुलाची सुई बंद करणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे. आपल्या आईला, मामाला जी शुगर असते ती बहुतेक वेळा टाइप २. तिथे इन्सुलिन तयार होते, पण पुरत नाही किंवा नीट काम करत नाही. प्रत्यारोपणाची सगळी चर्चा मुख्यतः टाइप १ ची आहे. एवढे सांगितले की ऐकणाऱ्यांपैकी निम्मे उठून जातात!

बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले हे आपण जाणतो. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या, तरी त्या काळी इन्सुलिन आणि पथ्य यापलीकडे हाती फारसे काही नव्हते. महापरिनिर्वाणाला दहा वर्षे आणि अकरा दिवस झाल्यावर, १७ डिसेंबर १९६६ रोजी, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात विल्यम केली आणि रिचर्ड लिलेहाय यांनी पहिले स्वादुपिंड प्रत्यारोपण केले, तेही मूत्रपिंडासोबत. आजही ते बहुतेक असेच, जोडीने होते. मधुमेहाने ज्याचे मूत्रपिंड निकामी झाले त्याला नव्या मूत्रपिंडासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावीच लागतात, मग त्याच औषधांत स्वादुपिंडही सांभाळले जाते. पुण्या-मुंबईत अशा शस्त्रक्रिया झालेल्या आहेत.

दुसरा मार्ग फक्त बेटे काढून देण्याचा. दात्याच्या स्वादुपिंडातून ती वेगळी करतात आणि बारीक नळीने यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत सोडतात. पोट मोठे उघडावे लागत नाही. कॅनडातल्या एडमंटन इथे जेम्स शापिरो यांच्या गटाने २००० मध्ये सात रुग्णांची सुई अशी बंद केली. जगभर बातमी झाली. पण पुढे अशा रुग्णांचा पाठपुरावा केला तेव्हा पाच वर्षांनी सुईशिवाय राहिलेले दहात एक एवढेच होते. शिवाय एका रुग्णाला अनेकदा दोन-तीन दात्यांची बेटे लागतात. अमेरिकेने जून २०२३ मध्ये अशा उपचाराला परवानगी दिली, पण ती फक्त ज्यांची साखर वारंवार धोकादायक खाली जाते अशा टाइप १ च्या प्रौढांसाठी.

दाता मिळत नाही म्हणून प्रयोगशाळेत स्टेम सेलपासून बेटे बनवण्याचे काम चालू आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ पैकी १० जणांना वर्षभराने इन्सुलिन लागत नव्हते. ही मोठी गोष्ट आहे आणि मला तिचा आनंदच आहे. पण त्या सगळ्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू होती. संसर्ग वाढतो, काही कॅन्सरांचा धोका वाढतो, मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो. ज्या वस्त्यांत अजून क्षयरोग आहे तिथल्या अकरा वर्षांच्या मुलाला हे सुईच्या बदल्यात द्यायचे का?

आणि ती चीनची मुलगी? तियानजिनमधली पंचवीस वर्षांची तरुणी. तिच्याच शरीरातल्या पेशींपासून बेटे बनवून पोटाच्या स्नायूजवळ ठेवली आणि तिची सुई बंद झाली, हे खरे आहे. व्हिडिओत जे नाही ते असे, की तिचे यकृत प्रत्यारोपण आधीच झालेले होते आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे ती तेव्हाही घेतच होती. त्यामुळे एरवी शरीराने या नव्या पेशी टिकू दिल्या असत्या का, हे तिच्यावरून ठरवता येत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेलचा वापर हा फक्त संशोधन आहे. मान्यताप्राप्त चाचणीबाहेर तो देणे अनैतिक आहे आणि चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. म्हणून कुणी पैसे मागितले की चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा.

स्वादुपिंड मिळते मेंदूमृत दात्याकडून, १९९४ च्या कायद्यानुसार. मराठवाड्याचे समन्वय केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. तिथून जवळच अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात डोळे देणाऱ्या शिबी राजाची जातककथा रंगवलेली आहे, आणि आपण १४ एप्रिलला अवयवदानाचे फॉर्मही भरतो. पण घरी किती जण सांगतात? ऐन वेळी संमती घरच्यांचीच विचारली जाते. आपल्या तालुक्यात फॉर्म भरून घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी पुढच्या वेळी सोबत आईला किंवा बायकोलाही बसवावे.

त्या वडिलांनी दवाखान्याला फोन करून नोंदणी क्रमांक विचारला. उत्तर अजून आलेले नाही. जमिनीची बोलणी थांबली आहेत. घरी फ्रिज नाही, म्हणून इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात ठेवायची, ती पाण्यात बुडू द्यायची नाही, हे मुलाच्या आजीला दाखवून आले. शाळेतल्या सरांनाही भेटले. घाम फुटला, हातपाय थरथरले तर त्याला लगेच साखर द्या, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.