हात आणि ओठ एकदम बधिर होणे : दुर्लक्षू नये असा इशारा

गोंदिया जिल्ह्यात धानाची रोवणी सुरू झाली की, स्त्री-पुरुष दिवसभर वाकून बांधीतील चिखलात पऱ्हे रोवतात. सायंकाळी हाताला मुंग्या आल्या, तर त्याचे कोणास नवल वाटत नाही. परंतु एका हाताची बोटे एकाएकी बधिर व्हावीत आणि त्याच वेळी त्याच बाजूची ओठांची कडही बधिर व्हावी, तर ती केवळ श्रमाची खूण समजू नये. मेंदूतील एखाद्या बारीक रक्तवाहिनीचा प्रवाह थांबल्याचा, म्हणजे लहानशा पक्षाघाताचा, तो इशारा असू शकतो.

असे का होते?

हाताच्या नसा मानेतून निघतात. ओठ व गाल यांच्या नसा थेट डोक्यातून येतात. मनगटात किंवा मानेत नस दबल्यास हात बधिर होईल, ओठ होणार नाहीत. हे दोन्ही मार्ग शेजारी येतात ते मेंदूत. मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस नावाचे केंद्र असून, तेथे हाताची व तोंडाची जागा एकमेकींस लागून आहे. मेंदूच्या पृष्ठभागावरही असाच शेजार असल्याचे कॅनडातील शस्त्रवैद्य वाइल्डर पेनफील्ड व त्यांच्या सहकाऱ्याने १९३७ साली दाखवून दिले. म्हणून एक लहानसा पाट बुजल्यावर लगतच्या दोन बांध्या कोरड्या पडाव्यात, तसे हात व तोंड एकदम बधिर होतात. मेंदूच्या डाव्या भागातील बिघाड बहुधा उजव्या अंगास जाणवतो. पुष्कळदा हाताची शक्ती व वाचा शाबूत असते; त्यामुळे रोगी काम थांबवीत नाही आणि मोलाचा वेळ जातो.

गैरसमज

सायपरमेथ्रिनसारखे कीटकनाशक चेहऱ्यावर उडाल्यासही मुंग्या येतात, आणि खर्ऱ्यातील चुन्याने तोंड पोळते. परंतु कारण कोणते, याचा निवाडा गावात करू नये. विषबाधा असो वा पक्षाघात, दोहोंनाही रुग्णालयच हवे.

काय करावे?

१. लक्षण सुरू झाल्याची वेळ लक्षात ठेवावी व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगाव या भागांतील दूरच्या गावांनी तर क्षणाचाही विलंब करू नये.

२. सी. टी. स्कॅन होईपर्यंत ॲस्पिरिन देऊ नये. मेंदूत रक्तस्राव झाला असल्यास ते घातक ठरते.

३. बधिरपणा काही मिनिटांत गेला, तरीही त्याच दिवशी रुग्णालयात जावे. मोठ्या झटक्याचा धोका पुढील काही दिवसांतच सर्वाधिक असतो.

प्रतिबंध

बारीक रक्तवाहिन्या खराब होण्याचे प्रमुख कारण उच्च रक्तदाब होय. मधुमेह व तंबाखू त्यात भर घालतात. तीस वर्षांवरील प्रत्येकाने उपकेंद्रात रक्तदाब तपासून घ्यावा. औषध सुरू असल्यास रोवणीच्या धांदलीत ते बंद करू नये. मीठ दिवसास पाच ग्रॅमपेक्षा कमी खावे, खर्रा सोडावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच्या प्रत्येक सभेत हे एक वाक्य अवश्य सांगावे : हात एकटा बधिर झाला तर डॉक्टरांना दाखवा, हातासोबत ओठही बधिर झाला, तर तत्काळ रुग्णालय गाठा.