जपानचे लष्करी सामर्थ्य आणि जपान–अमेरिका युती

जपानचे आत्मसंरक्षण दल (जपानी: जिएइताई) हे जपानचे सशस्त्र दल असून त्याची स्थापना १ जुलै १९५४ रोजी झाली. भूदल, नौदल आणि वायुदल असे त्याचे तीन विभाग आहेत. राज्यघटनेने युद्धाचा त्याग केलेला असतानाही अत्याधुनिक शस्त्रसज्ज दल बाळगणारा देश, अशी जपानची आगळी स्थिती आहे. या दलाचे स्वरूप घडविण्यात राज्यघटनेइतकाच अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराचाही वाटा आहे.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर ३ मे १९४७ रोजी जपानची नवी राज्यघटना अमलात आली. तिच्या नवव्या कलमान्वये युद्धाचा हक्क सोडून देण्यात आला आणि युद्धक्षम सेना न बाळगण्याचे ठरले. मात्र १९५० मध्ये कोरियन युद्ध सुरू होताच जपानमधील अमेरिकी सैन्य तिकडे वळले. ती उणीव भरून काढण्यासाठी ७५,००० जणांचे राष्ट्रीय पोलीस राखीव दल उभारण्यात आले. आजच्या भूदलाचे मूळ त्यात आहे.

८ सप्टेंबर १९५१ रोजी सान फ्रान्सिस्को येथे शांतता करारासोबतच जपान–अमेरिका सुरक्षा करारही झाला. १९६० मध्ये त्याची जागा नव्या कराराने घेतली. त्यानुसार जपानच्या प्रशासनाखालील प्रदेशावर हल्ला झाल्यास दोन्ही देशांनी सामना करावयाचा, तर जपानने अमेरिकेला लष्करी तळांसाठी जागा द्यावयाची, असे ठरले. या कराराविरुद्ध टोकियोत प्रचंड निदर्शने झाली आणि पंतप्रधान नोबुसुके किशी यांना पद सोडावे लागले.

ढाल आणि भाला

या युतीतील श्रमविभागणी ‘ढाल आणि भाला’ या रूपकाने सांगितली जाते. जपानने स्वतःच्या भूमीचे व सागराचे रक्षण करावयाचे. शत्रूच्या प्रदेशावर प्रहार करण्याचे काम मात्र अमेरिकेचे. १९७६ मध्ये संरक्षणखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आत ठेवण्याचे धोरण ठरले.

ही विभागणी आता पुसट होत आहे. डिसेंबर २०२२ मधील धोरणानुसार पाच वर्षांत सुमारे ४३ लाख कोटी येन संरक्षणावर खर्च करण्याचे आणि २०२७ पर्यंत खर्च दोन टक्क्यांवर नेण्याचे ठरले. ‘प्रतिप्रहार क्षमता’ स्वीकारून अमेरिकेकडून ४०० टॉमहॉक क्षेपणास्त्रे घेण्याचा करार झाला. इझुमो व कागा या युद्धनौकांवरून एफ-३५बी विमाने चालविता यावीत, असे बदल करण्यात येत आहेत.

युतीतील पेच

दुर्बल मित्राला दोन भये असतात: संकटकाळी बलिष्ठ मित्र साथ सोडील हे एक, आणि त्याच्या युद्धात आपण ओढले जाऊ हे दुसरे. पहिले भय कमी करण्यासाठी योगदान वाढवावे, तर दुसरे वाढते.

१९९१ च्या आखाती युद्धात जपानने सुमारे १३ अब्ज डॉलर दिले, परंतु सैनिक पाठविले नाहीत. त्यामुळे त्याच्यावर टीका झाली. पुढच्याच वर्षी शांतिसेनेसंबंधीचा कायदा होऊन जपानी दल कंबोडियात गेले. २०१५ च्या कायद्यांनी, निकटच्या मित्रदेशावरील हल्ल्याने जपानचे अस्तित्वच धोक्यात येत असल्यास बलप्रयोगास मुभा दिली. समर्थकांच्या मते यामुळे युती दृढ झाली, तर विरोधकांच्या मते नववे कलम दुबळे झाले.

युतीचा भार देशात समप्रमाणात वाटला गेलेला नाही. जपानच्या केवळ ०.६ टक्के भूमी असलेल्या ओकिनावा प्रांतात, केवळ अमेरिकी सैन्याच्या वापरासाठी असलेल्या तळांचे सुमारे ७० टक्के क्षेत्र आहे. तेथील विरोध हा या युतीतील कायमचा प्रश्न आहे.

इतर देशांशी सहकार्य

अमेरिकेवरच विसंबून न राहता जपानने ऑस्ट्रेलिया, ब्रिटन व फिलिपिन्स यांच्याशी सैन्याच्या परस्पर प्रवेशाचे करार केले आहेत. भारताच्या मलबार नौदल सरावात तो २०१५ पासून कायम सहभागी आहे; २०२० मध्ये दोन्ही देशांत परस्पर रसदपुरवठ्याचा करारही झाला.