पडद्यावरील आगंतुक जाहिरातींचा बंदोबस्त

मुंबई, प्रतिनिधी

रेल्वेचे आरक्षण करण्यासाठी, विजेचे बिल भरण्यासाठी किंवा परीक्षेचा निकाल पाहण्यासाठी संगणक सुरू करावा आणि पडद्याच्या कोपऱ्यातून जाहिरातींच्या चौकटींनी एकामागून एक डोके वर काढावे, हा अनुभव अनेक घरांत नित्याचा झाला आहे. एक चौकट बंद करावी, तर दुसरी हजर! ‘इंटरनेट म्हटले की हे चालायचेच’ असे म्हणून बहुतेक जण तिकडे काणाडोळा करतात. मात्र हा काणाडोळा महागात पडू शकतो. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, त्याच संगणकात मालकाच्या नकळत कोणीतरी ठाण मांडून बसले आहे, याची ती खूण असू शकते.

अॅडवेअर म्हणजे काय?

जाहिराती दाखवून पैसा मिळविण्यासाठी संगणकात शिरकाव करणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘अॅडवेअर’ म्हणतात. विषाणूप्रमाणे ते फायली नष्ट करीत नाही. उलट, यजमान संगणक चालू राहण्यातच त्याचा फायदा असतो. आपण कोणती संकेतस्थळे पाहतो, काय शोधतो, याची नोंद ठेवून त्यानुसार जाहिराती पुढे करणे, ब्राऊझरचे मुखपृष्ठ परस्पर बदलणे आणि आपला शोध भलत्याच शोधयंत्राकडे वळविणे, ही त्याची कामे.

हा उपद्रव नवा नाही. ‘गेटर’ नावाचे सॉफ्टवेअर इतरांच्या संकेतस्थळांवर आपल्या जाहिराती झळकवीत असे. त्याविरुद्ध अमेरिकेतील वृत्तपत्र प्रकाशकांनी २००२ मध्ये न्यायालयात धाव घेतली होती. पुढे धोक्याचे स्वरूप गंभीर झाले. ‘लेनोव्हो’च्या काही लॅपटॉपमध्ये कारखान्यातूनच ‘सुपरफिश’ हे जाहिरातींचे सॉफ्टवेअर घातलेले असल्याचे फेब्रुवारी २०१५ मध्ये उघडकीस आले. त्याने संगणकात स्वतःचे सुरक्षा प्रमाणपत्र बसविले होते. त्यामुळे बँकेच्या सुरक्षित संकेतस्थळाशी होणारा संवादही मध्येच वाचता येण्याजोगा झाला होता. २०१७ मध्ये ‘चेक पॉइंट’ या सुरक्षा कंपनीने ‘फायरबॉल’ या अॅडवेअरची लागण जगभरात २५ कोटी संगणकांना झाल्याचा आणि त्यांतील अडीच कोटींहून अधिक भारतातील असल्याचा अंदाज वर्तविला होता. हे आकडे फुगविलेले असल्याचे ‘मायक्रोसॉफ्ट’चे म्हणणे होते. तरीही भारतीय संगणक या उपद्रवापासून दूर नाहीत, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

शिरकाव कसा होतो?

‘फुकट ते पौष्टिक’ ही वृत्ती येथे नडते. मराठी फॉन्ट, गाणी, चित्रपट किंवा पीडीएफ फाइलचे रूपांतर करणारे सॉफ्टवेअर फुकट देणाऱ्या अनेक पानांवर ‘डाऊनलोड’ची चार-पाच बटणे असतात आणि त्यांतील खरे एखादेच असते. खऱ्या सॉफ्टवेअरबरोबरही दोन-तीन सोबती येतात. ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करीत पुढे जाणारा वापरकर्ता त्यांना नकळत संमती देऊन बसतो.

दुसरा मार्ग ब्राऊझरच्या ‘एक्स्टेन्शन’चा. चांगले एक्स्टेन्शनही मालक बदलल्यावर बिघडू शकते. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे लोकप्रिय एक्स्टेन्शन २०२० मध्ये नव्या मालकाकडे गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक ठरवून गुगलला ते काढून टाकावे लागले.

तिसरा मार्ग सर्वांत साधा. ‘आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असे एखादे पान सांगते. ते बटण दाबताच त्या संकेतस्थळाला सूचना पाठविण्याचा परवाना मिळतो आणि मग जाहिराती दिवसभर कोपऱ्यात उगवत राहतात.

सफाईचा क्रम

एखाद्याच संकेतस्थळावर जाहिराती दिसत असतील, तर दोष त्या स्थळाचा असण्याचीच शक्यता अधिक. सर्वत्र दिसत असतील, तर पुढील क्रमाने जावे. सफाई पूर्ण होईपर्यंत त्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करू नयेत.

१. क्रोमच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’ आणि पुढे ‘नोटिफिकेशन्स’ उघडावे. परवानगी दिलेल्या यादीतील अनोळखी नावे काढून टाकावीत. अनेकांचा त्रास एवढ्यानेच संपतो.

२. विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मधील ‘अॅप्स’ विभागात जाऊन यादी तारखेनुसार लावावी. जाहिराती सुरू झाल्या त्या सुमारास आलेली अनोळखी सॉफ्टवेअर ‘अनइन्स्टॉल’ करावीत. नावाबद्दल शंका असल्यास आधी शोध घ्यावा. ध्वनी किंवा प्रिंटरसाठी आवश्यक असलेले सॉफ्टवेअर चुकून निघता कामा नये.

३. ब्राऊझरमधील नको असलेली एक्स्टेन्शन काढावीत. घरच्या संगणकावर ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असा मजकूर दिसला, तर कोणत्या तरी सॉफ्टवेअरने ब्राऊझरवर स्वतःचे नियम लादल्याचा संशय घ्यावा.

४. विंडोजसोबत येणाऱ्या ‘डिफेंडर’ने संपूर्ण तपासणी करावी. त्यातील ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड अॅप ब्लॉकिंग’ ही सोय चालू आहे ना, ते पाहावे. ‘मालवेअरबाइट्स’चे ‘अॅडडब्ल्यूक्लीनर’ हे मोफत सॉफ्टवेअर खास याच कामासाठी आहे. मात्र ते कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावे. क्रोममध्ये पूर्वी असलेले सफाईचे साधन गुगलने २०२३ मध्ये बंद केले. त्यामुळे जुन्या लेखांतील तो सल्ला आता उपयोगाचा नाही.

५. अखेरीस ‘रीसेट सेटिंग्ज’ने ब्राऊझर मूळ स्थितीत आणावा. खुणेची पाने आणि साठविलेले पासवर्ड शाबूत राहतात. हे काम शेवटी करण्याचे कारण असे, की मूळ सॉफ्टवेअर संगणकात राहिले, तर ते बदललेली मांडणी पुन्हा बिघडविते.

एवढे करूनही ब्राऊझर उघडताच भलतेच पान येत असेल, तर त्याच्या शॉर्टकटच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘टार्गेट’ पाहावे. तेथे शेवटी एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता चिकटवलेला आढळल्यास तो पुसावा. काढलेले एक्स्टेन्शन पुन्हा उगवत असेल, तर त्याच गुगल खात्याने उघडलेल्या दुसऱ्या संगणकावरूनही काढावे. ‘सिंक’मुळे ते परत येत असते. सफाईनंतर बँक आणि ई-मेलचे पासवर्ड बदलणे हिताचे.

आगीतून फुफाट्यात

‘तुमच्या संगणकात विषाणू सापडले आहेत, त्वरित या क्रमांकावर दूरध्वनी करा’ अशी भीती घालणारी चौकट सर्वांत घातक. पलीकडचा ‘तंत्रज्ञ’ संगणकाचा ताबा मागतो आणि तेथूनच खात्यातील पैशाला पाय फुटतात. निवृत्तीनंतरची पुंजी बँकेत असणारे ज्येष्ठ नागरिक अशा धमकीला घाबरण्याची शक्यता अधिक. घरातील तरुणांनी त्यांना हे आधीच समजावून ठेवावे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात दूरध्वनी क्रमांक कधीच नसतो. अशी चौकट पडदा व्यापून बसली, तर तिच्यातील फुलीवर क्लिक करू नये; कारण ती फुलीही जाहिरातीचाच भाग असू शकते. ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ आणि ‘एस्केप’ या कळा एकत्र दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडावा आणि तेथून ब्राऊझर बंद करावा.

पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम गोठविली जाण्याची शक्यता अधिक. मालकाच्या परवानगीविना संगणकात घातक सॉफ्टवेअर घुसविणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ चा भंग ठरतो. ते लबाडीच्या हेतूने केले असल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कायदा असला, तरी अॅडवेअर पसरविणारे बहुधा परदेशी बसलेले असतात आणि त्यांच्यापर्यंत हात पोहोचणे अवघड असते. त्यामुळे नवे सॉफ्टवेअर बसविताना ‘नेक्स्ट’वर क्लिक करण्यापूर्वी समोरचा मजकूर वाचणे आणि ‘कस्टम’ हा पर्याय निवडून सोबत्यांपुढील खुणा काढणे, हाच खात्रीचा उपाय. त्याला दोन मिनिटे लागतात. सफाईला मात्र अख्खी दुपार जाते.