बिबटे कुणी आणून सोडले?

जुन्नर-आंबेगावात बिबट्याने माणूस मारला की पारावर, एसटीत, व्हॉट्सअॅपवर एकच वाक्य फिरतं: "वनखात्यानेच रात्रीत आणून सोडलेत." पुरावा म्हणून पिंजरा लादलेल्या गाडीचा फोटो. पण बिबट्या पिंजऱ्यात अडकतो तोच बहुधा रात्री, आणि माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र जुन्नर तालुक्यातच आहे. पकडलेलं जनावर तिकडे नेताना गाडी दिसणारच. ती सोडायलाच आली होती, हे फोटोत कुठे दिसतं?

बिबटे इथलेच आहेत. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, डिंभ्याचं पाणी खाली आलं आणि बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. वर्षभर हलत नाही असा आडोसा, शेजारी पाणी, वस्तीवर शेळ्या नि कुत्री. मादी फडातच विते. तोडणीला सापडणारी पिल्लं कुणी ट्रकमधून आणून ठेवत नाही. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अथ्रेया आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासली. वजनाच्या हिशेबाने खाण्यात ८७ टक्के पाळीव प्राणी निघाले, एकटी कुत्रीच ३९ टक्के. वाट चुकून आलेल्या जनावराचा हा आहार नव्हे.

अफवेला एक खरं मूळ मात्र आहे, आणि ते लपवू नये. फेब्रुवारी २००१ पासून जुन्नर वनविभागात २९ बिबटे पकडून सरासरी ४० किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले गेले. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. नंतर ते १७ वर गेले. अथ्रेया यांचा हा अभ्यास २०११ साली 'कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी'त छापून आला. अनोळखी मुलखात टाकलेला बिबट्या तिथे बसून राहत नाही. २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या माळशेज घाटात सोडला, तर तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी उद्यानात पोहोचला. गळ्यातल्या जीपीएस पट्ट्यानेच ते दाखवलं. इकडे रिकाम्या झालेल्या हद्दीत दुसरा बिबट्या येऊन बसतो.

म्हणून चीड येते ती याची, की "बाहेरचे आमच्यात सोडले" म्हणून संतापणारेच पुढच्या दमात "आमचे पकडून लांब सोडा" म्हणतात. लांब म्हणजे कुठे? तिथेही कुणाची तरी वस्ती असते, अंगणात खेळणारं पोर असतं.

बाकीचे समज थोडक्यात. पिंजऱ्यात सापडला तोच नरभक्षक, असं नसतं. शेळीच्या वासाने कुठलाही बिबट्या आत शिरतो, डीएनए जुळल्याशिवाय त्याला नरभक्षक ठरवता येत नाही. दारात कुत्रा असला की बिबट्या येत नाही, हेही खोटं. कुत्र्यासाठीच तो येतो. मोठ्या माणसाला भीती नाही, असंही समजू नका: गवत कापायला खाली बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो.

ज्या घरातलं माणूस गेलं त्यांचा राग खरा आहे, म्हणूनच तो चुकीच्या दारात संपू नये. शेतीची वीज जिथे रात्री येते तिथे शेतकरी अंधारात उसाला पाणी द्यायला जातो. ऊसतोड कामगारांची पोरं फडाशेजारी कोपीत झोपतात. मागायची तर दिवसा वीज मागा, या पोरांना रात्री दार लागेल असा निवारा मागा. "कुणी सोडले" विचारत निघालेला मोर्चा वनखात्याच्या कचेरीपाशी थांबतो. वीज कंपनीला आणि साखर कारखान्याला कुणी जाबच विचारत नाही.